बदकांसाठी भोकांची रबर मॅट: आधी भोकांच्या कडा तपासा

ही मॅट बहुतेकांनी पाहिलेली असते. काळं रबर, गोल भोकं, खालून बुटक्या गुट्ट्या आणि एकमेकांत अडकणारे तुकडे. जाडी, माप वगैरे विक्रीच्या पानावर असतंच, म्हणून ते इथे लिहीत नाही. मी ती बदकांच्या खुराड्यात आणि पाण्याच्या टबाभोवती अंथरली होती. कित्येक महिने वापरल्यावर आता लिहायला बसले, कारण माझ्या सगळ्यात वजनदार, पेकिन जातीच्या बदक मादीच्या तळव्याला काळी खपली धरली आणि विक्रेत्याने हात झटकले.

पहिले काही आठवडे मी या मॅटवर खूश होते. बदकांची विष्ठा पातळ असते, त्यात ती टबातलं अर्धं पाणी बाहेर उडवतात, आणि कोब्यावर कायम राड असते. मॅट टाकल्यावर ही घाण भोकांतून खाली जाऊ लागली आणि वरचं रबर लवकर सुकू लागलं. मुख्य म्हणजे घसरणं थांबलं. बदकाचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात, म्हणून तर ते डुलत चालतं. त्याचा जो सांधा मागे वाकलेला दिसतो आणि ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरं तर घोटा असतो. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. अशा पायाखालची जमीन निसटली की पाय बाजूला फाकतो आणि ताण थेट खुब्यावर येतो. लहान पिल्लांना गुळगुळीत कागदावर ठेवलं तर पाय कायमचे फाकायची भीती असते. त्यामुळे पकड या एका मुद्द्यावर मॅटला पूर्ण गुण.

आता भोकांच्या कडा. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

रबर साच्यात दाबताना प्रत्येक भोकाच्या तोंडाशी एक पातळ, कडक कंगोरा राहून गेला आहे. उभ्याने बघितलं तर दिसत नाही. बोट फिरवलं की लगेच लागतो, काही भोकांवर तर नख अडकतं. बदकाचा पाय म्हणजे पुढची तीन बोटं, त्यांच्यामधला पडदा आणि मागे वर चढलेलं एक छोटं बोट. पण उभं राहताना भार पडद्यावर येत नाही. तो येतो बोटं जिथे एकत्र मिळतात तिथल्या गादीवर आणि बोटांच्या सांध्यांखालच्या छोट्या गाद्यांवर. मोठी गादी नेमकी भोकावर आली की मधला भाग किंचित आत बसतो आणि सगळं वजन त्या कंगोऱ्यावर पडतं. त्यात बदकं एक पाय पोटाच्या पिसांत ओढून तासन्‌तास एकाच पायावर उभी राहतात, म्हणजे त्या गादीवर दुप्पट भार. जमिनीला टेकून बघितलं तर हे स्पष्ट दिसतं: गादीचं कातडं कडेवर ताणलेलं, आणि पाय उचलला की तळव्यावर उमटलेली अर्धगोल रेघ.

त्या रेघेवरच माझ्या मादीला खपली धरली. बंबलफूट, म्हणजे पक्ष्यांच्या तळव्यात जंतू शिरून होणारं दुखणं. स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू कातडीवर एरवीही असतात. त्यांना आत शिरायला बारीकशी चीर पुरते. तळव्याखाली मांस फारसं नसतं, त्यामुळे दुखणं खोल गेलं तर स्नायूबंध आणि हाड गाठायला त्याला वेळ लागत नाही. म्हणून घरी ब्लेड घेऊन खपली उकरू नका. पशुवैद्यांनी जखम साफ करून पट्टी बांधली, औषध दिलं आणि तिला कोरड्या, मऊ पेंढ्यावर ठेवायला सांगितलं. ती आता बरी आहे, दोन्ही पाय सारखे टेकते.

विक्रेत्याला मी कडेचे जवळून काढलेले फोटो पाठवले. उत्तर आलं, "रबराच्या मालात एवढं चालतं, हा माल जनावरांसाठी तपासलेला आहे." गाईचं खूर शिंगासारखं टणक असतं आणि बदकाचा तळवा म्हणजे उघडं कातडं, हे मी तीनदा लिहून कळवलं. शेवटी म्हणाले, वापरलेला माल परत घेत नाही, नवा पाठवू पण वाहतूक तुमची. त्याच साच्यातला तोच कंगोरा पुन्हा भाडं भरून मी का मागवायचा? पैसे मोजून घेतलेली वस्तू टाकून देणंही मला पटत नाही. मग कटरने आणि खरखरीत पॉलिश पेपरने एकेक भोक घासत बसले. अतिशय कंटाळवाणं काम, बोटं काळी होतात, पण फरक खराखुरा पडला. तळव्यावर रेघा उमटणं बंद झालं, आणि तेव्हा मी या मॅटला चार तारे द्यायच्या विचारात होते.

ते मत टिकलं नाही. झोपायच्या जागेतली मॅट उचलली तर खाली गुट्ट्यांमध्ये चिखलाचा थर आणि डोळ्यांना झोंबणारा अमोनिया. वरून कोरडं दिसणारं रबर खालून सतत ओल देत होतं, आणि ओलीत मऊ पडलेलं कातडं लवकर चिरतं. भरलेला तुकडा उचलून धुवायला दोन माणसं लागतात. खुराड्यातली मॅट मी काढून टाकली. तिथे आता पेंढा आणि भुसा, ओला झाला की बदलायचा. मॅट फक्त टबाभोवती ठेवली आहे. तिथे घाण रोज पाण्याच्या जोरावर निघून जाते आणि बदकं तिच्यावर फार वेळ उभी राहत नाहीत. तिथे मात्र तिला तोड नाही.

मॅट कोणतीही असो, दर आठवड्याला पाय उलटे करून बघा. बदकाला पायाला धरून उचलू नका. पंख अंगाशी धरून, खालून आधार देऊन घ्या. थंडीत पाय गार लागला म्हणून घाबरायचं कारण नाही. पायात जाणारं ऊबदार रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला शेजारून जाता जाता आपली ऊब देतं, त्यामुळे शरीराची उष्णता वाचते आणि पाऊल गारच राहतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, गादी फुगलेली किंवा चकचकीत दिसली, तर मात्र थांबू नका, पशुवैद्यांना दाखवा.

पिल्लं लंगडत असतील, घोटे सुजले असतील, पाय धनुष्यासारखे वाकत असतील, तर मॅटला बोल लावण्याआधी खाद्य तपासा. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नायसिन (एक ब जीवनसत्त्व) बरंच जास्त लागतं, किलोभर खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम. कोंबडीच्या खाद्यावर वाढवणार असाल तर वरून ब्रूअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पूड) द्या. नायसिन कमी पडून होणाऱ्या या दुखण्याचा आणि रबराचा काही संबंध नाही.

माझ्याकडून दोन तारे, दोन्ही पकडीसाठी. विक्रेत्याने साचा सुधारला तर तिसरा देईन. हलक्या जातीची, दिवसभर गवतात फिरणारी बदकं असतील तर घासलेली मॅट टबाभोवती खुशाल वापरा. पेकिनसारखी जड बदकं असतील तर भोकांची घेऊच नका. बिनभोकाची, वरून बारीक खरखरीत, थोड्या उतारावर टाकता येईल अशी मॅट शोधा.