पहिल्या अंकापासून वाचू की मधूनच?

सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये सुपरमॅन 1938 पासून चालू आहे, बॅटमॅन 1939 पासून, स्पायडरमॅन 1962 पासून. म्हणजे "श्रीगणेशापासून वाचलं की काही सुटणार नाही" असं ठरवलंत तर वर्षानुवर्षं पुरेल एवढा ढीग समोर उभा राहतो. उलट मधलाच एखादा अंक उघडलात, तर तिसऱ्या पानावर कुणीतरी दार ढकलून आत येतो, सगळ्यांचे चेहरे पांढरे पडतात, आणि आपण विचारत बसतो, हा कोण?

मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कौल मधूनच सुरू करण्याला आहे, फक्त कुठूनही नव्हे. लेखक बदलतो तिथून.

आधी एक्स-मेन, कारण तिथे फरक ढळढळीत दिसतो. 1963 चा पहिला अंक लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांचा. मी मोठ्या निष्ठेने तिथूनच बसले. पाच विद्यार्थी, एक प्राध्यापक, रोज नवा खलनायक. आणि चित्रात जे धडधडीत दिसतंय तेच पात्रं तोंडानेही सांगतात. बर्फ फेकणारा 'मी बर्फ फेकतोय' हे कळवल्याशिवाय फेकत नाही. थोड्याच अंकांत मरगळ आली. पुढे कळलं की 1970 मध्ये 66 व्या अंकानंतर नव्या गोष्टी थांबल्याच होत्या. 67 ते 93 हे सगळे जुन्या गोष्टींचं पुनर्मुद्रण! क्रमाने वाचायचा हट्ट धरणाऱ्याच्या वाट्याला 27 अंक शिळ्या कढीला ऊत.

आता त्याच मालिकेचं दुसरं दार बघा. 1975 चा 'जायंट-साइझ एक्स-मेन'. जुनी मंडळी बेपत्ता झाली आहेत, म्हणून त्यांचा प्राध्यापक, प्रोफेसर एक्स, नवी माणसं गोळा करत देशोदेशी हिंडतो. नाइटक्रॉलर, स्टॉर्म, कोलोसस एकेक करून भेटतात, त्यालाही आणि आपल्यालाही. मागचं माहीत असायला हवं ते एवढंच: एक शाळा होती, तिथले विद्यार्थी हरवलेत. तिथून पुढे 94 व्या अंकापासून क्रिस क्लेअरमाँटने लेखन हाती घेतलं ते थेट 1991 पर्यंत. एक्स-मेन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं बरंचसं या काळातलं.

पण मला या सगळ्याचं मर्म कळलं ते थॉरच्या 337 व्या अंकात. 1983, वॉल्ट सायमन्सन, लेखन आणि चित्रं दोन्ही त्याचीच. मुखपृष्ठावर घोड्यासारख्या तोंडाचा कुणी परका थॉरचा हातोडा घेऊन मालिकेच्या नावाच्याच ठिकऱ्या उडवतोय. आतल्या पहिल्या पानांवर अंधारात कुणीतरी ताऱ्यांचा तप्त गोळा ऐरणीवर ठेवून घाव घालतंय. आवाज एकच: डूम! तो कोण, काय घडवतोय, काही सांगितलेलं नाही. मी मनात म्हटलं, झालं, आपल्याला मागचं माहीत नाही. पण 336 अंक कोळून प्यायलेल्यालाही ते माहीत नव्हतं! उत्तर यायला पुढे वर्षभर लागतं. तीच गत बीटा रे बिलची, म्हणजे मुखपृष्ठावरच्या त्या परक्याची. झटापटीत थॉरच्या हातून हातोडा सुटतो, थॉरचा डॉन ब्लेक नावाचा साधा माणूस होतो, हातोड्याची साधी काठी होते, आणि बिल ती काठी आपटून थॉरचं बळ स्वतः मिळवतो. लायक असेल त्यालाच हातोडा उचलता येतो, एवढा नियम ठाऊक असला की पुरे. आणि तो अंकातच कळतो.

माझी कसोटी तेव्हापासून हीच. आपल्याला जे कळत नाहीये ते जुन्या वाचकालाही कळत नसेल, तर तिथून खुशाल सुरू करा. 'डेअरडेव्हिल'चा 168 वा अंक (1981) या कसोटीला चोख उतरतो. फ्रँक मिलर लेखक म्हणून येतो आणि नायकाची कॉलेजातली प्रेयसी, इलेक्ट्रा, समोर आणतो. आधीच्या 167 अंकांत तिचं नावही नव्हतं.

याच कसोटीवर साफ आपटतात ते महासोहळे, ज्यात शंभर पात्रं एकाच संकटावर धावून जातात. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' (1985-86, 12 अंक) त्यातला गाजलेला. सातव्या अंकात सुपरगर्ल मरते, आठव्यात फ्लॅश. जुना वाचक हळहळतो. नवखा पान उलटतो. सगळे एकदम भेटतील या मोहाने इथून सुरू करू नका.

हाताला लागेल तो अंक उघडायचा, तर जुना घ्या. त्यांत चौकटीच्या तळाशी फुली मारून 'हे अमुक अंकात घडलं' अशी संपादकाची टीप असते आणि पात्रं एकमेकांना नावानिशी हाका मारतात, तेव्हा ज्या बडबडीला मी वर नावं ठेवली तीच इथे कामी येते. अलीकडच्या गोष्टी पाच-सहा अंकांच्या खंडासाठी बेतलेल्या असतात. त्यातला चौथा उचललात तर हाती फक्त मारामारी लागते.

आणि मुखपृष्ठावरच्या 1 वर विसंबू नका. 'थॉर' या नावाचा पहिला अंकच मुळी 126 वा, कारण त्याने 'जर्नी इन्टू मिस्टरी'चे क्रमांक पुढे चालवले. उलट 'अमेझिंग स्पायडरमॅन'ने 1999 मध्ये पुन्हा 1 पासून मोजायला घेतलं, गोष्ट मात्र तीच पुढे चालू राहिली, आणि 2003 मध्ये गडी परत 500 वर!

मधूनच सुरू करण्याच्या माझ्या सल्ल्याला 'अमेझिंग स्पायडरमॅन' मालिकेचा अगदी जुना, 1963 चा पहिला अंक मात्र अपवाद. संवाद तिथेही बडबडेच आहेत, पण पीटर शाळेतून कॉलेजात जातो, घरच्या काळज्या वाढत जातात, एका अंकातलं दुखणं पुढच्या अंकात उरतं. स्टीव्ह डिटकोने चित्रं काढलेले पहिले 38 अंक मी सलग वाचले, एकही न गाळता. एक्स-मेनचे सुरुवातीचे अंक माझे अजून अर्धेच झालेत.