बाळाच्या खोलीचे २,७७,५०० रुपये आणि ‘ही दिवाणी बाब आहे, ताई’

रत्नागिरी जिल्ह्यात कुणी इंटिरियरचं काम काढलं असेल, त्यातही घरात बाळ येणार म्हणून काढलं असेल, तर पुढचा हप्ता देण्याआधी हे वाचून घ्या. माझे दोन लाख सत्त्याहत्तर हजार पाचशे रुपये गेले. बदल्यात घरात काय आहे? चौदा शीट प्लाय, त्यातली निम्मी फुगलेली. एक अर्धवट रंगवलेली पिवळी भिंत. आणि एक कॉट, जिच्यात मी बाळ ठेवणं सोडा, वाळलेले कपडेही ठेवत नाही.

ॲडव्हान्स घेऊन पळणारे कंत्राटदार सगळ्यांना माहीत असतात. मलाही होते. मी पतसंस्थेत काम करते, लोकांची कागदपत्रं तपासण्याचाच पगार घेते. त्यामुळे ‘शिकलीसवरलेली असून फसलीसच कशी’ हे आता कुणी नव्याने विचारू नका, नात्यातल्या सगळ्यांचं विचारून झालंय. पळणाऱ्याला मी ओळखलं असतं. हा पळणारा नव्हता, थोडं काम करून मग गायब होणारा होता. त्याने काय फरक पडतो ते पोलीस ठाण्याची पायरी चढल्यावर कळतं.

आमचं घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, खाडीच्या अंगाला. माजघराला लागून एक खोली आहे, जिच्यात आजवर आंब्याच्या पेट्या, भाताची पोती आणि गणपतीचं मखर राहत आलं. पावसात तिच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल धरते. हे बोटीवर, ऑगस्टशिवाय उतरणार नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे खरं, पण माझं माहेर विरारला, वन रूम किचन, त्यात दोन भाऊ आणि एक भावजय. म्हणून इथेच करायचं ठरलं आणि ती खोली बाळाला दिली. तारीख जुलैअखेरची. म्हणजे रंगाचं काम आगोटीच्या आत उरकायलाच हवं. मिरग लागला की पुट्टी वाळत नाही, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार! माझी घाई ही होती. हौसेखातर पैसे उधळले असं जे म्हणतात त्यांनी जूनमध्ये येऊन ती भिंत हात लावून बघावी.

सासूबाई म्हणाल्या होत्या, “मूल हातात येईस्तो काय घेऊ नये गो.” तेव्हा मी ते उडवून लावलं. आजही लावते. फक्त आता त्यांच्या बोलण्याला धार आली आहे.

माणूस सापडला तो इन्स्टाग्रामवरच्या रीलमधून. पण मी रील बघून पैसे दिले नाहीत, शोरूम बघून दिले. काचेचं दार, एसी, भिंतीवर हँडल आणि लॅमिनेटचे नमुने, गणपतीच्या तसबिरीपुढे ताजी फुलं. मी दोन कामांचे पत्ते मागितले, तर त्याने फोन लावून दिले. पलीकडच्या लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. ती माणसं कोण होती देव जाणे. तेव्हा लिहून ठेवा: फोनवरचं कौतुक धरू नका, प्रत्यक्ष घरी जा आणि कपाटाचं दार उघडून बघा.

त्याने खोलीचं थ्रीडी चित्र करून दिलं. ढगांची भिंत, फिकट पिवळा रंग, खिडकीत पांढरा पडदा, कोपऱ्यात कॉट. मी ते बोटीवर पाठवलं. रेंज आल्यावर ह्यांचे नुसते बदाम आले. एकूण अंदाजपत्रक ३,८५,००० रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला, पण कागदावर जीएसटी नंबर कुठेच नाही. नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. नंबर नाही तर कर कसला मागतोस, एवढंच विचारायचं. विचारा.

आता तो क्षण. पहिला हप्ता ४० टक्के, म्हणजे १,५४,०००. त्याने क्यूआर कोड पुढे केला. मी स्कॅन केला. पडद्यावर फर्मचं नाव यायला हवं होतं, आलं एका बाईचं. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो हसत म्हणाला, “वहिनी, मिसेसचं खातं आहे. फर्मच्या खात्याचं आजचं लिमिट संपलं.” आमच्याकडे चेकवर नावाचं एक अक्षर चुकलं तरी मी चेक परत करते. आणि इथे अख्खं नाव वेगळं होतं. माझा अंगठा पिनच्या चौकटीवर थांबला होता, हे मला पक्कं आठवतंय. तेवढ्यात त्याने टेबलावर एक लाकडी मूठ ठेवली, कपाटाच्या दाराला लावायची, चंद्रकोरीच्या आकाराची, कडा इतक्या घासलेल्या की बोट कुठे अडू नये. “ही बाळाच्या खणाला. त्याला स्वतःला उघडता येईल बघा.” मी पिन टाकला.

त्यातही यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख. म्हणून एक लाख त्या दिवशी गेले आणि ५४,००० दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बाईचं नाव आलं. म्हणजे मध्ये एक अख्खी रात्र होती. ही रात्र मला अजून झोपू देत नाही. पण मला सांगा, सहाव्या महिन्यातल्या बाईसमोर तिच्या बाळाच्या कपाटाची मूठ ठेवून तिच्याकडून पिन टाकून घ्यायचा, हे करणाऱ्याला ठरवून आलेला म्हणायचं की नाही?

‘बाळासाठी’ हा शब्द कंत्राटदाराच्या तोंडी आला की समजा, दर वाढला. साधा रंग म्हटलं की आपण घासाघीस करतो, ‘बाळासाठी बिनवासाचा’ म्हटलं की गप्प बसतो. मी गप्प बसले. डिस्टेंपर निघाला तो.

मग दुसरा हप्ता, ८५,०००. प्लायचे भाव सोमवारपासून चढणार, आजच माल उचलायला हवा, वगैरे. हे जुनंच आहे. पण माल खरंच आला, टेम्पोतून उतरला, तेव्हा शंका मिटली. माल येणं हाच सगळ्या डावाचा भाग होता हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? प्रत्येक शीटच्या कडेला शिक्का: आयएसआय, आयएस ७१०, मरीन. दमट हवेत हाच प्लाय वापरायचा, मी वाचलं होतं, मुद्दाम तोच सांगितला होता. माझे सासरे, नाना, एसटीतून निवृत्त झालेले. आयुष्य तिकिटांवर ठसे मारण्यात गेलं. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. “शिक्का ओला कसा रे?” तो म्हणाला, “नाना, हवा दमट आहे ना.” आणि आम्ही, ज्यांच्या घरी पावसात मीठ बरणीतच ओलं होतं, त्यांना ते पटलं! खऱ्या शिक्क्याखाली सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनी कुठली, कशाचा परवाना, सगळं दिसतं. आमच्या प्लायवर नंबरच नव्हता.

तिसरा हप्ता कॉटचा, ३८,५००, इंपोर्टेड म्हणून. सोबत कॉटच्या आतल्या कडेने लावायचे मऊ बंपर, चार उशा, फुगीर गादी. बालरोगतज्ज्ञांनी फोटो बघूनच मान हलवली. एवढ्या लहान बाळाच्या अंथरुणात उशी नको, बंपर नको, गादी घट्टच हवी, श्वास कोंडण्याची भीती असते. गजांमधली फट सहा सेंटीमीटरच्या वर नको. या कॉटमधून माझी मूठ आरपार जाते. वर रंगाचा वास असा की डोकं धरतं. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर चालत नाही. या रंगात किती आहे कोण सांगणार, लेबलच नाही. भिंतीच्या रंगाची बादली मोठ्या कंपनीची होती, पण झाकणाचं सील आधीच तुटलेलं. सील आपल्यासमोर फोडायला लावा. पुढच्या महिन्यात डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनी ती पिवळी भिंत बघून फोटो काढले, मी त्यात हसतेय.

जूनच्या पहिल्या पावसात प्लाय फुगायला लागला. तोवर कारागीर यायचे बंद झाले होते: गावाकडे लग्न, मग आजारपण, मग ‘पाऊस आहे वहिनी’. मग फोन बंद. शोरूमला टाळं. गाळ्याच्या मालकाचंही भाडं थकलेलं. आमच्या वाडीतल्या सुताराने एक तुकडा कापून चुलीवर उकळत्या पाण्यात टाकला. मरीन प्लाय ७२ तास उकळला तरी सुटायला नको, अशी त्याची चाचणी असते. चहा होईपर्यंत या तुकड्याचे पदर सुटून पाण्यावर तरंगत होते. सुताराने आलेला सगळा माल मोजून सांगितलं, पस्तीस हजारांच्या वरचा नाही.

आता पोलीस. मी नववा महिना लागता लागता ठाण्यात गेले. फाइल नीट लावून, स्क्रीनशॉट छापून, प्लायचा तुकडा पिशवीत घेऊन.

“त्याने काम सुरू केलं होतं का?”

“हो.”

“माल आला होता?”

“आला, पण खोटा.”

“मग ही फसवणूक नाही ताई. काम अर्धवट सोडलंय. दिवाणी बाब आहे. वकील बघा.”

प्लायचा तुकडा पिशवीतून बाहेर काढायचीही वेळ आली नाही. पुढे हद्दीचा खेळ. आमच्या ठाण्याचं म्हणणं, शोरूम शहरात आहे, तिकडे जा. शहरातल्या ठाण्याचं म्हणणं, काम तुमच्या घरी झालं, गावच्या ठाण्यात जा. एका साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की अशा दिवसांत त्रागा करू नये, बाळावर परिणाम होतो. अर्ज घेतला, पण आवक शिक्का मारलेली प्रत मागितली तर ‘विश्वास नाही का’ म्हणाले. नाही. अजिबात नाही. प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेत गेले. “पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम?” बस, एवढं एकच वाक्य. पलीकडच्या खात्याबद्दल काही सांगता येत नाही, पत्र आणा, पोलिसांचं. पोलीस म्हणतात दिवाणी. दिवाणी म्हटल्यावर पत्र कशाला देतील? असं गोल गोल फिरायचं, पोट सांभाळत, पावसात, रिक्षाचे पैसे वेगळे. ऑनलाइन पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा असतो, पहिल्या काही तासांतच पैसा अडवता येण्याची शक्यता असते. माझे पैसे जाऊन महिने उलटले होते, कारण तोवर तो ‘वहिनी, उद्या येतो’ म्हणत होता. हेच त्याचं कौशल्य.

शेवटी वकिलांनी समजावलं ते असं: फसवणुकीचं कलम, जुनं ४२०, आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. पण त्याचा हेतू सुरुवातीपासूनच खोटा होता हे दिसायला हवं. म्हणूनच ही मंडळी थोडा माल टाकतात, एक भिंत रंगवतात. तेवढ्याने हेतू झाकला जातो. आणि हद्दीचं म्हणाल तर कुठल्याही ठाण्याने नोंद घ्यायची आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुनी सीआरपीसी) कलम १७३ तेच सांगतं. नाही घेतली तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने. हे ठाण्यातल्या कुणीच मला सांगितलं नाही.

हेतू दाखवायचा म्हणजे दुसरा फसलेला शोधायचा. गाळ्याच्या मालकाकडून एक नंबर मिळाला, त्याच्याकडून दुसरा. चिपळूणचे एक डॉक्टर, दवाखान्याच्या फर्निचरचे पैसे गेलेले. लांजातलं एक जोडपं, त्यांच्याही घरी पाळणा हलायचा होता. त्यांना आलेलं चित्र उघडलं तर तेच ढग, तोच पडदा, कोपऱ्यात तीच कॉट. फक्त वरचं आडनाव बदललेलं. आणि त्यांच्याही टेबलावर तीच चंद्रकोरीची मूठ ठेवली होती. मूठ एकच आहे बहुतेक, गावोगाव फिरवतो.

तिघांनी मिळून अधीक्षकांना अर्ज पाठवलाय, पोस्टाने, पावती जपून ठेवलीय. ग्राहक आयोगात वेगळी तक्रार करतोय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. आधी मार्गदर्शन हवं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला विचारता येतं. वकिलांचे आजवर ६,००० झाले. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

कॉट पडवीत उलटी करून ठेवलीय. बाळासाठी सासूबाईंनी माळ्यावरून ह्यांचाच जुना पाळणा काढला, सागवानी, नानांनी घासून तेलपाणी केलं. त्यावर सासूबाईंनी एकदाही ‘मी सांगत होते’ म्हटलं नाही, बाकी सगळं म्हटलं.

त्या माणसाचा नंबर गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू झालाय. डीपीवर आता मॉड्युलर किचन आहे आणि जाहिरात कुडाळ, सावंतवाडीकडच्या ग्रुपवर फिरतेय. तिकडच्या कुणाला ढगांच्या भिंतीचं चित्र आलं असेल तर पैसे थांबवा. दिले असतील तर प्लाय जाळू नका, भंगारात देऊ नका. शिक्क्याचा फोटो काढा, एक तुकडा पिशवीत घालून ठेवा आणि आमच्या अर्जात चौथं नाव म्हणून या.