फिनलंडमधला ओव्हरस्पीडिंगचा दंड : 5 पैकी 4 स्टार

हॉटेलांचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मी पावतीचा टाकतोय. 2023 ची गोष्ट, सासूबाईंना एअरपोर्टवरून घेऊन घरी येत होतो, गप्पांच्या नादात 60 च्या रस्त्यावर 82 ने, आणि मागे पोलीस. सासूबाई मागच्या सीटवरून हळूच म्हणतात, "अहो, शंभर-दोनशे टेकवा ना हातावर, सोडेल तो." म्हटलं आई, इथे तसलं काही बोलू पण नका.

तर सिस्टिम अशी. लिमिटच्या वर 20 पर्यंत असाल तर ठरलेली रक्कम, सगळ्यांना सेम. त्याच्यापुढे गेलात की दंड दिवसांत मोजतात आणि एका दिवसाचा रेट तुमच्या कमाईवर. कमाई टॅक्सच्या रेकॉर्डमधून काढतात, त्यामुळे "साहेब, पगार कमी आहे हो" वगैरे रडगाणं गायची सोयच नाही. माझ्या हातात महिन्याला 3000 युरो, त्यातून 255 वजा, उरलेले भागिले 60, पॉइंटनंतरचं सोडून झाले 45. दोन पोरं म्हणून प्रत्येकी 3 युरो सूट. तीन युरो! इथे तेवढ्यात जेमतेम एक कॉफी येते. एक स्टार तिथेच कापला. मग 39 चा एक दिवस, असे 12 दिवस, टोटल 468 युरो. दोन दिवस बायको बोलत नव्हती.

पण खरं सांगू, राग नाही आला. त्याच वर्षी फिनलंडच्याच आलांड बेटांवर विक्लॉफ नावाचा कोट्यधीश उद्योगपती पकडला गेला, तो पण 82 वरच, फक्त रस्ता 50 चा. त्याला 1,21,000 युरो! नोकियाचा एक डायरेक्टर, वान्योकी, 2001 मध्ये हार्ले बाइक घेऊन 50 च्या रस्त्यावर 75 ने गेला तर 1,16,000 ची पावती, नंतर कमाई घटलीय म्हणून कोर्टात गेला आणि बराच कमी करून आणला. म्हणजे हिशोब दोन्हीकडून चालतो.

पुण्यात कारला ओव्हरस्पीडिंगचं चलान 2000. फॉर्च्युनरवाल्याला तेवढंच आणि हप्त्यावर वॅगनआर घेऊन टॅक्सी चालवणाऱ्यालाही तेवढंच, एकाचं एका वेळचं हॉटेलचं बिल आणि दुसऱ्याचे दोन दिवस गेले. अर्थात फिनलंडची पद्धत तिकडे नेली तर निम्मे बिल्डर कागदावर दारिद्र्यरेषेखाली निघतील ते वेगळं.

नवीन येणाऱ्यांना एक टीप, बिल आलं की मुदतीत भरून टाका. लोकअदालत लागेल, निम्म्यात सेटल करू म्हणून थांबायचं नाही, तसलं इथे काही लागत नाही.