अठरा वर्षांनंतरची सोबत : ठाण्यातील एका संस्थेच्या शासकीय समन्वय सेवेविषयी

बालगृहातून बाहेर पडलेल्या आणि आमच्याकडे भाड्याने राहणाऱ्या एका मुलीच्या अनाथ प्रमाणपत्रासाठी ठाणे स्थानकाजवळच्या एका स्वयंसेवी संस्थेची मदत आम्ही सहा महिने घेतली. संस्थेचे वसतिगृह नीटनेटके आहे. मात्र तिचे खरे बळ शासकीय समन्वय पाहणाऱ्या ताईंमध्ये आहे.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 मध्ये अठरा पूर्ण करून बालगृहासारखी संस्था सोडणाऱ्यांसाठी अर्थसाहाय्याची तरतूद आहे, आणि त्याच कायद्याच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार अनुरक्षण सेवा (संस्था सोडल्यानंतरची मदत) एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत मिळू शकते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून समजावले. अनाथांसाठीचे एक टक्का आरक्षण राज्यात 2018 पासून असले, तरी प्रमाणपत्राशिवाय ते हाती लागत नाही, म्हणून त्यांनी बालगृहाची नोंद आणि बाल कल्याण समितीचा आदेश आधी मिळवला. एका कार्यालयाने आमची फाइल दोनदा परत केली. ताईंनी वाद न घालता प्रत्येक त्रुटीचे लेखी कारण मागितले आणि तिसऱ्या वेळी ती मार्गी लागली. (पोचपावती घेतल्याशिवाय त्या खिडकी सोडत नाहीत.) धोरणात बदल व्हावा म्हणून अशाच अडचणींची टिपणे त्या महिला व बाल विकास विभागाकडेही पाठवतात.

उणीव एवढीच की सारी भिस्त एकाच व्यक्तीवर आहे. त्या रजेवर असताना आम्हाला तीन आठवडे उत्तर मिळाले नाही.