वैमानिकाचा गॉगल: रे-बॅन, रँडॉल्फ की अमेरिकन ऑप्टिकल?

फ्लाइंग स्कूलमध्ये नाव नोंदवलं की हेडसेटच्या पाठोपाठ गॉगलची खरेदी येतेच. बारामतीला शिका, धुळ्याला किंवा गोंदियाला, मे महिन्यातल्या भर दुपारी धावपट्टीचा पांढरा झोत डोळ्यांत घुसायला लागला की चैनीची वाटणारी ही वस्तू गरजेची होते. दुकानदार हमखास विचारतो, "पोलराइज्ड दाखवू का? थोडे महाग आहेत, पण क्वालिटी एक नंबर." गाडी चालवायची असेल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. विमान चालवायचं असेल तर तिथेच नको म्हणा.

पोलराइज्ड काच आडव्या पृष्ठभागावरून येणारी चमक कापते. पाण्यावर, डांबरी रस्त्यावर हे वरदान. पण कॉकपिटमधले एलसीडी पडदेही पोलराइज्ड प्रकाशच बाहेर टाकतात. मान थोडी कलली की जी-१००० सारखा उड्डाणाची माहिती दाखवणारा पडदा किंवा मांडीवरचा टॅबलेट काळवंडतो, एखाद्या कोनात तर पुरताच मावळतो. छोट्या विमानांची विंडशील्ड ॲक्रिलिकची असते. तिच्यातले ताण इंद्रधनुषी पट्ट्यांसारखे दिसायला लागतात. शिवाय दूरच्या दुसऱ्या विमानाच्या पंखावर सूर्य चमकतो तेव्हाच ते विमान कधी कधी नजरेत येतं, आणि नेमकी तीच चमक ही काच गिळते. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, वैमानिकांसाठी काढलेल्या गॉगलविषयीच्या पत्रिकेतही पोलराइज्ड काचेची शिफारस केलेली नाही. दुकानात खात्री करायची तर गॉगल डोळ्यांवर ठेवून मोबाइलचा पडदा हळूहळू उभ्याचा आडवा करा. पडदा मध्येच अंधारला, तर काच पोलराइज्ड आहे, डबीवर काहीही छापलेलं असो.

त्याच पत्रिकेनुसार काचेने दृश्य प्रकाशापैकी साधारण ७० ते ८५ टक्के अडवावा, म्हणजे १५ ते ३० टक्के आत यावा. याहून गडद काच घातली की बाहेर छान वाटतं, पण नजर खाली पॅनेलवर, म्हणजे समोरच्या उपकरणांवर, आली की आकडे शोधावे लागतात. रंग करडा, करडा-हिरवा किंवा तपकिरी. करड्यात रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरी काच निळा प्रकाश कापते, त्यामुळे धुरकट हवेत क्षितिज जरा ठसठशीत होतं. आपल्याकडच्या हिवाळी सकाळी हा फायदा खरोखर जाणवतो. निळ्या, गुलाबी, पिवळ्या काचा लग्नाच्या फोटोंसाठी ठेवा. टॉवरवरून दाखवला जाणारा लाल-हिरवा दिवा आणि पॅनेलवरचे इशारे रंगावरूनच ओळखायचे असतात.

आता ब्रँड. ही सगळी कथा सुरू होते रे-बॅनपासून. बॉश अँड लॉम्ब या अमेरिकन कंपनीने १९३७ साली थेंबाच्या आकाराच्या 'एव्हिएटर' गॉगलचं पेटंट घेतलं. १९९९ मध्ये हा ब्रँड इटलीच्या लक्सोटिकाकडे गेला. थेंबासारखी खाली उतरणारी काच शोभेची नव्हती, खाली पॅनेलकडे वळलेली नजरही झाकली जावी म्हणून ती तशी होती. मूळ मॉडेल आरबी ३०२५, आणि त्यातली घेण्यासारखी काच म्हणजे १९५३ मधली जी-१५: करडी-हिरवी, पंधरा टक्के प्रकाश आत सोडणारी. म्हणजे वरच्या शिफारशीच्या गडद टोकावर. रणरणत्या उन्हात उत्तम, पण ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळतीला आला की काढून ठेवावी लागते. काच खरी काच आहे, प्लॅस्टिक नव्हे. चरे लवकर पडत नाहीत आणि दृष्टी स्वच्छ राहते. वजन मात्र नाकाला कळतं.

रे-बॅनची खरी उणीव काचेत नाही, काड्यांत आहे. त्या कानामागे खाली वळतात आणि टोकाला प्लॅस्टिकचं जाडसर आवरण असतं. हेडसेटची गादी त्याच जागी कान दाबते. अर्ध्या तासात काही वाटत नाही, दोन तासांच्या क्रॉस-कंट्रीनंतर, म्हणजे लांबच्या उड्डाणानंतर, कानामागची ती रेघ ठणकायला लागते. काडीमुळे गादी कातडीपासून किंचित उचलली जाते, तिथून इंजिनाचा आवाज आत शिरतो, आणि महागड्या हेडसेटचे पैसे थोडे थोडे वाया जातात. वळलेली टोकं हेडसेट उतरवताना अडकतात, ती कटकट वेगळी.

रँडॉल्फ आणि अमेरिकन ऑप्टिकल या दोघांनी नेमका हाच प्रश्न सोडवलाय. दोघांकडे सरळ काडीचा पर्याय आहे, त्याला बेयोनेट म्हणतात. ती कानावरून मागे सरळ जाते, त्यामुळे हेडसेट न काढता गॉगल आत सरकवता येतो आणि तसाच बाहेर ओढता येतो. ढगात शिरताना काढायचा, बाहेर आल्यावर घालायचा, एका हाताने. मला विचाराल तर या एका गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत. सोन्याचा मुलामा वगैरे नंतर.

रँडॉल्फ मॅसॅच्युसेट्सचं. सत्तरच्या दशकात सुरू झालं आणि अमेरिकी लष्कराला एचजीयू-४/पी हा गॉगल पुरवून नावारूपाला आलं. काचेचा आकार रे-बॅनपेक्षा चौकोनी आणि आटोपशीर, कारण तो हेल्मेट आणि ऑक्सिजन मास्कबरोबर बसायला हवा होता. बिजागरीची उघडझाप हातात घेऊन पाहा: सैल नाही, कुरकुर नाही. फ्रेमच्या झाळलेल्या जोडांवर कंपनी आजीवन हमी देते, आणि धातूच्या चष्म्यात मोडतं ते बहुधा तिथेच. अडचण किमतीची. अमेरिकेतच दोनशे डॉलरच्या पुढे, इथे मागवायचा तर सीमाशुल्क आणि पोस्टेज वर. एखादा नातेवाईक तिकडून येणार असेल तर त्यालाच सांगा.

अमेरिकन ऑप्टिकल या तिघांत सर्वांत जुनं, स्थापना १८३३ ची. त्यांचा ओरिजिनल पायलट १९५८ च्या लष्करी गॉगलचा वंशज, आणि अपोलो ११ बरोबर चंद्राच्या वारीला जाऊन आलेला. आकार रँडॉल्फच्याच वळणाचा. काचेबरोबर नायलॉनच्या हलक्या लेन्सही मिळतात. बांधणीत रँडॉल्फ किंचित सरस वाटतं, पण डोळ्यांना जे दिसतं त्यात दोघांत फरक सांगता येईल असं मला वाटत नाही. वजनाची तक्रार असणाऱ्याने नायलॉनवाला ओरिजिनल पायलट घ्यावा. चेहरा रुंद असेल आणि डोळे जास्त झाकले जायला हवे असतील तर मात्र रे-बॅनचा ५८ किंवा ६२ मिलिमीटरचा थेंबच बरा बसतो. भारतात तो कुठल्याही बऱ्या दुकानात घालून बघता येतो, हाही मोठा फायदा.

फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारी काच, कॉकपिटमध्ये निराश करते. ती अतिनील किरणांनी गडद होते, आणि त्यातले बरेचसे विंडशील्ड आधीच अडवते.

फुटपाथवरच्या तीनशे रुपयांच्या एव्हिएटरबद्दल एवढंच: गडद पण अतिनील किरण न अडवणारी काच ही काच नसण्यापेक्षा वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणांना दार उघडं मिळतं. साधी परीक्षा करता येते. गॉगल हातभर लांब धरून खिडकीच्या गजाकडे पाहा आणि गॉगल सावकाश डावी-उजवीकडे न्या. गज सरळ न राहता पाण्यात पडल्यासारखा वाकडातिकडा झाला तर काच ओतीव आणि हलकी. बनावट रे-बॅन इथे पकडला जातो. खऱ्यावर बिजागरीजवळ काचेत 'आरबी' ही बारीक अक्षरं कोरलेली असतात आणि नखाने टिचकी मारली की काचेचा आवाज येतो.

नंबर असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. मग ब्रँडेड लेन्सपेक्षा पातळ धातूची फ्रेम घेऊन तुमच्या नेहमीच्या चष्मेवाल्याकडून सीआर-३९ या प्लॅस्टिकच्या लेन्समध्ये करडा टिंट करून घेणं शहाणपणाचं, यूव्ही कोटिंग आणि वीस टक्के पारगमन असं स्पष्ट लिहून देऊन. पॉलिकार्बोनेट हलकं आणि न फुटणारं, पण नंबर जास्त असेल तर कडेला रंगांच्या झालरी दिसतात. सीआर-३९ मध्ये त्या जवळजवळ नसतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी नकाशा वाचायचा भाग त्यात बसवून घ्यावा आणि पॅनेल डोळ्यांपासून किती अंतरावर असतं ते मोजून सांगावं, कारण दुकानदार पुस्तकाचं अंतर धरून चालतो. आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर चष्म्याची अट असेल तर जास्तीचा चष्मा जवळ बाळगावाच लागतो. तो बिनरंगी असू द्या, संध्याकाळी उतरताना तोच लागेल.