दर गुरुवारी अर्धा तास: डोळ्यांच्या वीज-उपचाराचे चौदा महिने

"ताई, त्या करंटनं काही फरक पडला का गं?" सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. फोनवर धड उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. त्याच्यासाठी, आणि आमच्यासारख्या इतरांसाठीही.

आम्हा दोघांना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. डॉक्टर मंडळी आरपी म्हणतात. साधारण चार हजारांत एकाला होणारा आनुवंशिक आजार. डोळ्याच्या पडद्यावरच्या, अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी मरतात. त्यामुळे सुरुवात रातांधळेपणाने होते, मग कडेचं दिसणं कमी होत होत नळीतून पाहिल्यासारखं मधलंच तेवढं उरतं. आमची आई ही बाबांच्या मामाची मुलगी. आमच्या भागात अशी लग्नं घरोघरी होती. दोघांच्याही अंगात लपलेला दोष आम्हा भावंडांत एकत्र आला. लहानपणी लाइट गेली की मी भिंत धरून चालायचे आणि आजी मला गाजरं खायला घालायची.

गेली बारा वर्षं मी जर्मनीत स्टुटगार्टला आहे. इथून जवळच ट्यूबिंगेन. तिथल्या विद्यापीठात आरपीवरच्या या वीज-उपचारावर बरंच काम झालं आहे. नाव लांबलचक: ट्रान्सकॉर्नियल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक आवरणातून अगदी सौम्य करंट आत सोडायचा. कल्पना अशी की त्याने पडद्यातल्या पेशी स्वतःला जगवणारी द्रव्यं जास्त तयार करतात. 2005 साली जपानमधल्या ओसाकाच्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं होतं. मेलेली पेशी याने जिवंत होत नाही. जी आहे तिचं आयुष्य वाढावं, एवढीच अपेक्षा. हे ज्याला आधी नीट कळलं नाही, त्याची निराशा ठरलेली.

पहिल्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बसवलं. तंत्रज्ञ बाई करंट थोडा थोडा वाढवत होत्या आणि दर वेळी विचारत होत्या, "येत्स्त?" म्हणजे आता? नाही. येत्स्त? नाही. मग एकदम कडेला, जिथे मला कित्येक वर्षांत काही दिसलेलं नाही तिथे, उजेड फडफडला. वाऱ्याने झाड हललं की भिंतीवर कवडसे नाचतात, तसा. मी काही बोललेच नाही. बाईंनी पुन्हा विचारल्यावर हो म्हटलं, आणि घशात काहीतरी दाटून आलं. तो उजेड म्हणजे दृष्टी नव्हे, हे मला माहीत होतं. तरी दाटून आलं.

ज्या करंटला हा उजेड पहिल्यांदा जाणवतो तो आपला उंबरठा. प्रत्येक डोळ्याचा वेगळा. माझा डावा डोळा जास्त खराब, त्याला करंट जास्त लागतो. उपचार त्या उंबरठ्याच्या दीडपट किंवा दुप्पट ताकदीने देतात. सेकंदाला वीस ठोके, आठवड्यातून एकदा, अर्धा तास. एकदा माप ठरलं की यंत्र घरी घेऊन यायचं.

घरी हे सगळं सोपं नाही, तेही सांगते. चष्म्यासारख्या फ्रेमला केसाहून बारीक धागा असतो, चांदीचा मुलामा दिलेला. तो खालच्या पापणीच्या काठाला डोळ्यावर टेकवायचा. ज्याला कडेचं दिसत नाही त्याच्या हातात केसाहून बारीक धागा! पहिल्या महिन्यात दोन धागे फरशीवर पडले आणि सापडलेच नाहीत. आता मी टेबलावर काळा टॉवेल अंथरते. त्यावर धागा चमकतो. धागा एकदाच वापरायचा असतो, त्यामुळे हरवला की पैसे गेले. फ्रेम माझ्या नाकावरून घसरते, ती नवरा मागून रबरी पट्टीने घट्ट करतो. दुखत अजिबात नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांत रेती गेल्यासारखं खुपतं, दिवसभर थेंब घालावे लागतात. खर्च सगळा आमच्या खिशातून. गाडी बदलायचं आम्ही पुढे ढकललं.

आता मूळ प्रश्न, फरक पडला का? दुसऱ्या महिन्यात मला स्वयंपाकघर उजळ दिसायला लागलं. ओट्यावरचे मोहरीचे दाणे लांबून दिसत होते. मी आनंदाने नवऱ्याला सांगितलं, तर तो गप्प झाला. त्याने आदल्या आठवड्यात तिथे जास्त वॅटचा दिवा लावला होता. त्या दिवसापासून मी आपल्याला काय वाटतं याच्यावर विश्वास ठेवणं सोडलं. आता फक्त दृष्टिक्षेत्राचा नकाशा बघते, म्हणजे नजर एका जागी ठेवून कडेपर्यंत कुठे कुठे दिसतं ते मोजून काढलेला. तीन नकाशे माझ्याजवळ आहेत: सुरुवातीचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा. तिन्ही जवळपास सारखे. पण आरपी मुळातच सावकाश सरकतो. करंट घेतला नसता तरी वर्षभरात नकाशा असाच राहिला असता, असंही होऊ शकतं. एकट्या माझ्या कागदांवरून कुणी काही ठरवू नये.

अभ्यासही तसेच सावध आहेत. 2011 मध्ये ट्यूबिंगेनच्या 24 रुग्णांवरच्या, सहा आठवड्यांच्या चाचणीत दीडपट करंट घेणाऱ्यांचं दृष्टिक्षेत्र थोडं वाढलं. 2017 मध्ये 52 रुग्णांवरच्या, वर्षभराच्या चाचणीत उपचार सुरक्षित ठरला, पडद्याच्या विद्युत तपासणीत काही सुधारणाही दिसली, पण दृष्टिक्षेत्रातला फरक खात्रीने म्हणता येईल एवढा नव्हता. माझ्या डॉक्टरांनी हे सगळं समोर ठेवून मगच माझी सही घेतली. त्यासाठी त्यांना माझे पूर्ण गुण.

आणि म्हणूनच भावाबाबत जे झालं त्याचा संताप होतो. त्याला कुणीतरी एका शहरातल्या दवाखान्यात नेलं. "दहा सिटिंगमध्ये नजर परत." पापण्यांवर पॅड लावून करंट दिला. ना उंबरठा मोजला, ना आधीचा नकाशा काढला, ना नंतरचा. भावजयीच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्याने आधी मोजलंच नाही, तो सुधारणा कशाच्या आधारावर सांगतो? असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. मूळ नकाशा मागा, उंबरठा किती आला ते विचारा, पडद्याच्या मध्यभागी सूज आहे का ते तपासून घ्या.

त्याआधी जनुकांची तपासणी. आरपीला कारणीभूत जनुकं ऐंशीच्या वर आहेत. त्यातल्या आरपीई 65 या एकाच जनुकाच्या दोषावर अमेरिकेत 2017 मध्ये जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. आपला दोष कोणता, हे ठाऊक नसताना कुठल्याही यंत्रावर पैसे घालू नयेत. माझ्यात तो दोष नाही निघाला, म्हणून मी करंटकडे वळले.

पाचपैकी तीन देईन. एक गुण अपुऱ्या पुराव्यासाठी कापला, एक त्या धाग्यासाठी आणि खर्चासाठी. तरी अजून एक वर्ष घेणार आहे, कारण मुलगी सात वर्षांची आहे आणि तिचा चेहरा अजून माझ्या नळीत पूर्ण मावतो.

भावाचा हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत नंबर लागला आहे, पुढच्या महिन्यात. परतीची गाडी रात्रीची आहे. फलाटावर त्याला एकट्याने उतरू देऊ नकोस, हात धर, असं भावजयीला बजावून ठेवलंय.