आरटीई २५ टक्के प्रवेश, सोलापूर – आमचा पूर्ण अनुभव (५ पैकी ४)

आमच्या मुलीला आरटीईमधून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, पहिलीला अ‍ॅडमिशन मिळून आता वर्ष होत आलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण आम्ही फॉर्म भरत होतो तेव्हा नीट सांगणारं कुणीच भेटलं नव्हतं. आम्ही साखर पेठेच्या बाजूला भाड्याने राहतो, हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत. खाजगी शाळेची फी ऐकूनच आम्ही परत यायचो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात विनाअनुदानित खाजगी शाळांनी २५ टक्के जागा आपल्यासारख्यांसाठी ठेवायच्या आहेत आणि ती फी सरकारने भरायची आहे, हे मला शेजारच्या वहिनींनी सांगितलं.

आधी कागदांचं बोलते, कारण खरी धावपळ तिथेच होते. जातीचा दाखला असेल तर उत्पन्नाची अट नाही, पण यांचा दाखला काढलेलाच नव्हता, मग १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढला. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, नुसता स्टॅम्पवर लिहिलेला चालत नाही. घरमालक तयार व्हायलाच महिना गेला, त्यामुळे हे काम दिवाळीतच उरकून घ्या.

फॉर्म सुटले ते २०२५ च्या जानेवारीत, ऐन सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत. आम्ही एका सायबर कॅफेत गेलो, त्या पोराने १० मिनिटांत भरून दिला आणि २०० रुपये घेतले. घरी येऊन मी मोबाईलवर उघडून बघते तर मॅपवर आमच्या घराची पिन त्याने चौकात टाकलेली! सरकारी पोर्टल शाळेचं अंतर त्या पिनवरूनच मोजतं आणि आमच्या वेळी १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळायची, मग ३ किलोमीटरपर्यंतच्यांना. पिन चौकात असल्यामुळे आमची सगळ्यात आवडती शाळा १ किलोमीटरच्या बाहेर दाखवत होती, आणि पुढे पडताळणीत पत्ता जुळला नसता तर हातातलं अ‍ॅडमिशनपण गेलं असतं. रात्रभर झोप नाही. सकाळी तो अर्ज डिलीट केला आणि दारात उभं राहून मी स्वतः पिन टाकली, नवीन अर्ज भरला. एका मुलाचे दोन अर्ज ठेवू नका, बाद होतात.

शाळा १० पर्यंत निवडता येतात. म्हणून दहाच्या दहा भरून टाकू नका ओ. नंबर लागलेल्या शाळेत गेला नाहीत तर पुढच्या फेरीत संधी नाही, म्हणून मी रोज पाठवू शकेन अशा ४ च टाकल्या. त्या चारही शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभं राहून बघितल्या, मुलं कशी बाहेर येतात, शिक्षक त्यांच्याशी कसं बोलतात. नुसता इंग्लिश मीडियमचा बोर्ड बघून शाळा ठरवायची नाही असं माझं ठाम मत आहे. आपल्याच जिल्ह्यात माढ्याजवळ परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींनी मुलं घरी कन्नड बोलतात म्हणून पुस्तकं कन्नडमध्ये केली, क्यूआर कोड लावले, आणि २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. नंबर लागला नसता तर मी मुलीला महापालिकेच्या शाळेत आनंदाने घातलं असतं.

सोडतीत आमचं नाव वेटिंगला होतं, नंतर लागलं. मेसेजची वाट बघत बसू नका, अर्ज क्रमांक टाकून रोज बघा.

एक स्टार कमी केला तो वरच्या खर्चासाठी. फी माफ असली तरी आमच्याकडे अ‍ॅक्टिव्हिटी फी म्हणून ८ हजार मागितले. मी म्हटलं, लेखी द्या. लेखी काही दिलं नाही, मग मीच शिक्षण विभागात अर्ज दिला आणि ते मागणं थांबलं. बूट, डबा, रिक्षा हे मात्र आपल्यालाच बघावं लागतं. आणि हे सगळं आठवीपर्यंतच आहे, नववीपासून पूर्ण फी, ते कुणी आधी सांगत नाही. आम्ही तिच्या नावाने पोस्टात महिना ५०० ची आरडी आत्ताच सुरू केलीय.

२०२४ ला सरकारने नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना यातून सूट दिली होती, तेव्हा वहिनींच्या मुलाला यादीत हव्या त्या शाळा दिसतच नव्हत्या. जुलैमध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला म्हणून आमच्या मुलीला ही संधी मिळाली. माझी पोरगी आज डॉक्टरांच्या मुलीशेजारी बसते, दोघी एकमेकींच्या डब्यातली शेंगाचटणी खातात, हे मला फार मोठं वाटतं.

साखर पेठ, अशोक चौक भागातल्या कुणाला यंदा भरायचा असेल तर कागद घेऊन या, दुपारी ३ नंतर मी घरीच असते, मोबाईलवर तुमच्या दारातूनच पिन टाकून भरू.